डाव्या गालावरचा तडा

मला आमच्या स्टुडिओत सगळे आरसेबाई म्हणतात. खरं नाव ओळखपत्रावर आहे, पण ते वाचायला वेळ कोणाला आहे. हे टोपणनाव काही कौतुकाने पडलेलं नाही. अठरा वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली, तिची ही शेपटी. नवीन लागलेलं कोणीही पहिल्याच आठवड्यात येऊन विचारतं, "आरसेबाई का म्हणतात हो तुम्हाला?" मी सांगते, "ज्याने सांगितलं त्यालाच जाऊन विचार." माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असेल. एकवीस वर्षं सकाळी सहा वाजता एका माणसाच्या तोंडाला रबर चिकटवून बघा, मग आपण रागाबद्दल बोलू.

तो माणूस म्हणजे महाग्रास. टीव्हीवर 'नवव्या सूर्यापलीकडे' ही आमची मालिका एकवीस वर्षं चालू आहे आणि महाग्रास हा तिच्यातला खलनायक. ग्रह गिळतो, सूर्य विझवतो, अधूनमधून सगळ्या मानवजातीला गुलाम करायला निघतो आणि दोन-तीन वर्षांतून एकदा मरतो. नायक, म्हणजे यानाचा कप्तान, आजवर चार वेळा बदलला. एकाला सिनेमा मिळाला, एकाचं पोट सुटलं, एकाने मोठ्या मॅडमशी वाकडं घेतलं. मोठ्या मॅडम म्हणजे मालिकेच्या निर्मात्या. चौथा सध्या चालू आहे. महाग्रास मात्र पहिल्यापासून एकच आणि मुखवट्याच्या आतला माणूसही एकच. त्यांना मी ग्रासराव म्हणते.

ग्रासराव दिसायला अगदी साधे. चष्मा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, खिशात नीट घडी केलेला रुमाल. आपण त्यांना रस्त्यात वेळ विचारू आणि दोन पावलांवर चेहरा विसरून जाऊ. आवाजही त्यांचा मऊ. तो ध्वनीवाले यंत्रातून असा काही घोळवून काढतात की टीव्हीवर दरड कोसळल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे एकवीस वर्षं घराघरांत ज्याच्या नावाने मुलं घाबरून झोपली, त्याचा ना चेहरा कोणी पाहिलेला ना आवाज ऐकलेला. एकदा लिफ्टमध्ये एक बाई त्यांच्यासमोरच मुलाला म्हणाली, "गप बस, नाहीतर महाग्रासला बोलावीन." हे म्हणाले, "नका हो, येईल तो."

मुखवटा सात तुकड्यांचा. कपाळ, नाक, दोन गाल, हनुवटी, मान आणि सगळ्यात शेवटी तडा. हा तडा म्हणजे बोटभर लांबीची, जराशी वाकडी, लालबुंद पट्टी. काळ्याकुट्ट गालावर ती लावली की वाटतं, आत कुठेतरी आग आहे आणि कातडं तिथे फाटलंय. तडा लागला की ग्रासराव संपतात आणि महाग्रास सुरू होतो. सगळ्याला तीन तास लागतात. त्यानंतर चावून खायचं काही नाही, जे काय असेल ते नळीने प्यायचं. कधी कुरकूर केली नाही माणसाने. फक्त नाकाला खाज सुटली की माझ्याकडे केविलवाणं बघायचे आणि मी कुंचल्याच्या दांड्याने रबरावरून टकटक करायचे. त्याने खाज जात नाही, पण कोणीतरी दखल घेतली एवढं समाधान.

आता ती चूक. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळ्या स्टुडिओला माहीत आहे.

महाग्रासला तिसऱ्याच वर्षी कायमचं मारायचं ठरलं होतं. करार तेवढाच होता. मरणाच्या प्रसंगाच्या दिवशी आमची मेकअपची खोली बदलली, खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवली आणि मला समोर उभं राहायला जागाच उरली नाही. मग मी ग्रासरावांच्या मागे उभी राहिले आणि समोरच्या आरशात बघून काम केलं. आरशाला मुखवट्याचा फोटो डकवला होता. तडा डाव्या गालावर. फोटोत समोरून बघताना तो आपल्या उजव्या हाताला दिसतो. मी फोटोत बघितलं, आरशात बघितलं, त्याच बाजूला चिकटवला. आणि आरशात जी उजवी बाजू, ती माणसाचीही उजवीच. तडा गेला उजव्या गालावर. घाई होती, धूर सोडला होता, कोणाच्याच लक्षात आलं नाही.

भाग दाखवला गेला आणि तिसऱ्या दिवसापासून पत्रांची पोती यायला लागली. महाग्रासचा तडा उजवीकडे कसा? हा कोण मेला? मला वाटलं, आता गाशा गुंडाळायचा. पण आमचे लेखक तेव्हा तरुण होते आणि त्यांना उत्साह होता. त्यांनी शोध लावला की मेला तो खरा महाग्रास नव्हताच. आरशापलीकडे दुसरं विश्व आहे, तिथला दुसरा महाग्रास आहे, त्याचा तडा उजवीकडे असतो, तो मेला. खरा, डाव्या तड्याचा, जिवंत आहे. लोक खूश, मोठ्या मॅडम खूश, ग्रासरावांचं काम चालू राहिलं आणि मला आरसेबाई हे नाव मिळालं. तेव्हापासून मी मेकअप करताना आरशावर कापड टाकते. समोर उभी राहून, तोंडाकडे तोंड करून काम करते. अठरा वर्षांत केसाएवढीही चूक नाही. पण ते कोणी मोजत नाही.

तर तेव्हापासून पायंडाच पडला. महाग्रासला मारायचा असला की तडा उजवीकडे लावायचा आणि पुढच्या वर्षी तो परत आणायचा. आठ वेळा मेला. आरशापलीकडे एकूण किती महाग्रास राहतात, ते लेखकालाच ठाऊक. लोकांनाही हे इतकं पाठ झालं की मरणाचा प्रसंग आला की सगळे आधी गाल बघतात. उजवा दिसला की मिटलं.

हे किती मिटतं, ते मी माझ्या घरी पाहिलं. चार वर्षांपूर्वी आठव्या मरणाचा भाग लागणार होता. ग्रासराव एकटेच राहतात, म्हणून मी त्यांना जेवायला बोलावलं. घरी माझी मुलगी, जावई आणि नात. नात तेव्हा पाच वर्षांची. आजीच्या कामावरचे काका, एवढंच तिला माहीत. कोण ते मी सांगितलं नव्हतं, नाहीतर घास उतरला नसता तिच्या घशाखाली. टीव्हीवर महाग्रास ज्वाळांमध्ये कोसळत होता. ग्रासरावांनी ते कोसळणं फार जीव ओतून केलं होतं, हे मला माहीत होतं. तीन दिवस गुडघा सुजला होता त्यांचा. नातीने मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाली, "उजवा आहे. येईल परत. आई, वाढ ना." मुलीने वाढलं. जावयाने तर वाटीतून डोकंही वर काढलं नाही. ग्रासराव हसले. जेवण चांगलं झालंय म्हणाले. पण मी त्यांचा चेहरा जवळून बघते, माझं कामच आहे ते. तो चेहरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत डोळे मिटून बसले असताना म्हणाले, "आरसेबाई, आठ वेळा मेलो. एकदा तरी कोणी हळहळलं का हो?"

"खलनायक आहात तुम्ही," मी म्हटलं. "लोक काय सुतक पाळणार?"

"वाईट माणसासाठीसुद्धा कोणीतरी थबकतंच की. घास हातात राहतो. माझ्यासाठी भाजीसुद्धा थांबली नाही."

मी डिंक ढवळत राहिले. त्यांना काम मिळालं ते माझ्या चुकीने आणि मरण गेलं तेही माझ्याच चुकीने.

खरं रडू त्या मुखवट्यात एकदाच झालं होतं आणि ते कोणाला दिसलं नाही. चौदा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. चौथ्या दिवशी हे कामावर हजर. त्या दिवशी एका ग्रहाचा नाश करायचा होता. दुपारपर्यंत गालाचे तुकडे दोनदा सुटले. आत पाणी साचलं की डिंक सुटतो. दिग्दर्शक ओरडला, "बाई, डिंक बदला तुमचा, हलका आलाय." मी म्हटलं, "हो, हलका आलाय," आणि आतून रुमालाने पुसून परत चिकटवला. आम्ही दोघांनी त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही.

यंदा ग्रासरावांना सत्तरावं लागलं. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डिंकाचा वास आणि नाकातोंडावर रबर, हे आता बंद. मोठ्या मॅडमनी दिलगिरी वगैरे दाखवली आणि आठच दिवसांत एक उंच माणूस मापं घ्यायला माझ्या खोलीत पाठवला. मुखवट्याच्या आत कोण आहे हे कोणाला कळतंय? हे वर्ष संपताना महाग्रास नेहमीसारखा उजव्या तड्याने मरेल आणि पुढच्या वर्षी त्या उंच माणसाच्या अंगावर परत येईल. माणूस वाईट नव्हता. खुर्चीत बसून त्याने विचारलं, "यात विशेष काय करावं लागतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मरायचं आणि परत यायचं."

तो गेल्यावर ग्रासराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. आत येऊन बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं.

"शेवटचा प्रसंग आहे माझा. तडा डावीकडे लावाल?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"एकदा खरा मरू दे मला. लोकांना वाटू दे, गेला. एवढंच हवंय. एकवीस वर्षं केलं ते खरंच कोणापर्यंत पोचलं का, तेवढं कळेल."

"आणि माझं काय होईल? दोन वर्षांनी निवृत्त होणार मी. अठरा वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं, का माहितीये? त्या एका दिवसाचा डाग पुसायला. तो परत स्वतःच्या हाताने लावून घेऊ? जाताना सगळे म्हणतील, बाई आली तशीच गेली."

मी जरा जास्तच बोलले. आवाजही चढला होता. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि चष्मा पुसायला लागले. मी घरी जाऊन नातीवर, जावयावर आणि कुकरच्या झाकणावर राग काढला.

मरणाच्या प्रसंगाचा दिवस उजाडला. सेट मोठा होता, महाग्रासच्या यानाचा दरबार. शेवटी तो सगळा खरोखरच कोसळवायचा होता, म्हणून एकच टेक. चार मिनिटांचा सलग शॉट, परत घ्यायची सोयच नाही. त्या भागात ग्रासरावांचा एवढाच प्रसंग होता. मी आरशावर कापड टाकलं आणि कामाला लागले. कपाळ, नाक, गाल. त्यांचा श्वास आत शिट्टीसारखा वाजत होता. माझ्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा आहे, त्यात मी प्रत्येक मरणाचा तडा काढून ठेवते. डबा उघडाच राहिला होता. आठ पट्ट्या, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या.

ग्रासरावांनी त्या बघितल्या. रबरातून त्यांचा आवाज दबलेला आला. "उजवाच लावा, बाई. मी उगीच बोललो त्या दिवशी. तुमचं नाव परत खराब व्हायला नको माझ्यापायी."

मग डिंकाच्या वाफेने डोळे चुरचुरू नयेत म्हणून नेहमीसारखे डोळे मिटून घेतले.

खरं सांगते, त्यांनी परत एकदा मागितलं असतं तर मी परत नाही म्हटलं असतं आणि भांडले असते. पण ते असं बोलून मोकळे झाले आणि माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. या माणसाने एकवीस वर्षांत माझ्याकडून नाक खाजवून घेण्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. मी कप्प्यातून डावीकडची पट्टी काढली. डिंक लावला, डावीकडे चिकटवली आणि नेहमीसारखे दोन्ही तळहातांनी दोन्ही गाल दाबून धरले. एवढ्या जाड रबरातून कोणता गाल ते कळत नाही. मी दोनशेपर्यंत आकडे मोजले. एरवी शंभर मोजते.

सेटवर आम्ही जिला वहीवाली म्हणतो, ती पोरगी उभी होती. मागच्या शॉटमध्ये पेला कोणत्या हातात होता, बटण कोणतं उघडं होतं, हे सगळं टिपून ठेवायचं तिचं काम. तिच्यापासून काही लपत नाही. तिने महाग्रासकडे बघितलं, वहीत बघितलं, मग माझ्याकडे. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, वहीत उजवा आहे."

"हो का?" मी म्हटलं.

तेवीस वर्षांची पोरगी, महाग्रासला बघतच मोठी झालेली. मग तिने वही मिटली, काखेत धरली आणि म्हणाली, "माझी नजर खालच्या दगडांवर होती. दगडच फार आहेत आज." आणि जाऊन दगड मोजायला लागली. दिग्दर्शक यंदाच आलेला, त्याचं सगळं चित्त स्फोटांवर होतं. त्याला डावं-उजवं काय, महाग्रासला नाक आहे की नाही तेही सांगता आलं नसतं.

शॉट झाला. खांब पडले, छत आलं आणि ग्रासराव जसे कोसळले तसं मी त्यांना कधी कोसळताना पाहिलं नव्हतं. कुठे आरडाओरडा नाही. थकलेला माणूस खाली बसावा तसे बसले आणि मग आडवे झाले. शेवटचं वाक्य होतं, "कप्तान, दिवा राहू दे." जन्मभर सूर्य विझवत फिरलेल्या माणसाने हे म्हणायचं, म्हणजे लेखकाने काहीतरी नाट्यमय म्हणून लिहिलं होतं. ग्रासरावांनी ते बायकोला सांगावं तसं म्हटलं. मुखवटा काढताना मी तडा सगळ्यात आधी उतरवून मुठीत घेतला. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

चार दिवसांनी मोठ्या मॅडमचं बोलावणं आलं. तोवर एडिटरच्या लक्षात आलं होतं. त्याने चित्र उलटं करून बघितलं, पण मागच्या भिंतीवर यानाचं नाव हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ते उलटं झालं. हे मला सुचलेलं नव्हतं, उगीच श्रेय घेणार नाही. कॉम्प्युटरवाल्याने दुरुस्तीला तीन आठवडे मागितले आणि भाग दाखवायला चार दिवस उरले होते.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"चूक झाली."

"परत? तीच?"

"परत. फोटोत बघून आरशात लावला."

"तुम्ही तर आरशावर कापड टाकता."

"धुवायला नेलं होतं."

त्यांना कळलं असेल किंवा नसेलही. म्हणाल्या, "वय झालं तुमचं, बाई. पुढच्या वर्षीपासून मुखवट्याचं काम दुसरीकडे देऊ. तुम्ही गर्दीतल्या लोकांना पावडर लावत जा." मी हो म्हणून बाहेर आले. जिन्यात एडिटर कोणाला तरी सांगत होता, "आरसेबाईंनी शेवटी नाव राखलं." मला फार लागलं ते. जिन्याच्या वळणावर दोन मिनिटं उभी राहिले, मग खाली आले.

भाग दाखवायच्या दिवशी मी ग्रासरावांना फोन केला. ते म्हणाले, "मी नाही बघणार. उजवा आहे म्हणतील आणि जेवायला बसतील."

"बघू नका. दाढी किती वाढलीय तुमची?"

"आठ दिवसांची. खाजतेय फार." एकवीस वर्षं डिंकासाठी त्यांना रोज तुळतुळीत दाढी करावी लागायची. आता पहिल्यांदाच वाढू दिली होती.

"मग तुमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये या पावणेसातला. मीही येते."

"तुम्ही सलूनमध्ये कशाला?"

"प्रश्न फार विचारता तुम्ही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या सलूनमध्ये भिंतीवर टीव्ही आहे आणि तो कधी बंद नसतो, हे मी येता-जाता पाहिलं होतं. सलूनवाला पस्तिशीचा, बडबड्या. बाकावर एक टॅक्सीवाला पेपर वाचत होता आणि एक शाळकरी मुलगी केस कापायचा नंबर येईपर्यंत बापाशेजारी पाय हलवत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. ग्रासराव खुर्चीत. सलूनवाल्याने फेस लावला, डावा गाल साफ केला आणि तेवढ्यात आमची मालिका लागली. ग्रासरावांनी माझ्याकडे आरशातून असं बघितलं, जणू मी त्यांना फसवून आणलंय. मी टीव्हीकडे बघायला लागले.

"आज जाणार आमचे महाग्रास," सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला. "पुढच्या वर्षी हजर. आमच्या साडूसारखं आहे, गेला म्हणून सुटलो म्हणावं तर दारात उभा."

टॅक्सीवाला हसला. ग्रासरावांनी डोळे मिटून घेतले.

दरबार आला. खांब हलायला लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, गाल बघा, गाल." धुरातून महाग्रासचं तोंड जवळ आलं.

"डावा," मुलगी म्हणाली.

"नीट बघ, आरसा असेल कुठेतरी," बाप म्हणाला.

"नाही बाबा. मागे नाव लिहिलंय, ते सरळ आहे. डावाच आहे."

टॅक्सीवाल्याने पेपर खाली घेतला. ग्रासरावांनी डोळे उघडले. त्यांना आता पहिल्यांदा कळत होतं आणि त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. टीव्हीवर महाग्रास खाली बसला, आडवा झाला आणि म्हणाला, "कप्तान, दिवा राहू दे."

सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच होता. तो टीव्हीकडे बघतच म्हणाला, "गेला की हो."

मुलगी रडायला लागली. बाप तिला जवळ घेऊन म्हणाला, "अगं, वाईट होता ना तो," पण त्याचेही डोळे टीव्हीवरच होते. टॅक्सीवाला उठून उगीच दारापाशी जाऊन उभा राहिला. सलूनवाल्याने ग्रासरावांच्याच गळ्यातल्या टॉवेलचं टोक उचलून आपले डोळे पुसले.

"चौदा वर्षांचा होतो मी, सुरू झालं तेव्हा," तो म्हणाला. "किती शिव्या घातल्या असतील याला. वडील असताना आम्ही दोघं मिळून घालायचो. वडील गेले, तरी हा होता. वाईट होता, पण आपला होता." मग एकदम ओशाळला. "काका, माफ करा, तुमचा उजवा गाल राहिला. पण आज माझा हात नाही चालणार. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा, चालेल?"

मला वाटलं, आता हे सांगणार. मी होतो तो, म्हणणार. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ग्रासरावांच्या उजव्या गालावर फेस होता आणि त्यातून पाण्याची एक वाट हनुवटीपर्यंत गेली होती. ते उठले, सलूनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "चालेल. घाई नाही काही."

"तुम्हीही लहानपणापासून बघायचात का?"

"नाही. मी जरा उशिरा सुरू केलं."

सलूनवाल्याने त्यांचा गाल पुसून दिला, टीव्ही बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि शटर ओढायला लागला. निम्म्यावर थांबला, वाकून आत गेला आणि आरशावरचा एक दिवा लावून आला. "आजच्या दिवस राहू दे," म्हणाला, आमच्याकडे न बघता. मग शटर खाली ओढलं. खालच्या फटीतून उजेड रस्त्यावर येत होता.

आम्ही दोघं चालायला लागलो. ग्रासरावांचा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर आठ दिवसांचं पांढरं खुंट. येणारे-जाणारे वळून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांचा चेहरा निरखून बघत होतं.

"तुमचं नाव गेलं, आरसेबाई," ते म्हणाले.

"गेलं तर गेलं. पावडर लावायला डोकं लागत नाही, आराम आहे." मग मी म्हटलं, "उद्या सकाळी आठवणीने जा आणि तो दुसरा गाल करून घ्या. ध्यान दिसताय."

त्यांनी उजव्या गालावरून हात फिरवला.

"दोन दिवस राहू दे," ते म्हणाले.